बी गोव्याची की आफ्रिकेची हे विचारतो, ती वेचली कुणी हे का नाही?

डिचोलीकर
नऊ वर्षं मी एका काजू कारखान्यात हिशेब आणि कागदपत्रं सांभाळतो. युरोपातल्या गिऱ्हाइकाकडून दरवर्षी एक लांबलचक फॉर्म येतो. त्यात एक प्रश्न असतो: तुमच्या पुरवठा साखळीत कुठेही बालमजुरी किंवा सक्तीची मजुरी आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. नऊही वर्षं मी 'नाही'वर खूण केली.

आमच्या चार भिंतींपुरतं ते खरं आहे. बी कापणाऱ्या, गर सोलणाऱ्या बायकांना मी नावानिशी ओळखतो. पण गोव्याची बी वर्षभर पुरत नाही. पावसात आम्ही जी पोती फोडतो ती पश्चिम आफ्रिकेतून आलेली असतात. पोत्यावर देशाचं नाव आणि पिकाचं वर्ष. कुठल्या गावची बी, कुणी वेचली, यावर एक अक्षर नाही. मग मी 'नाही' कशाच्या जोरावर लिहितो?

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरची बी गोव्याची म्हणून खपवू नका, असं आपण सगळे ओरडत होतो, आणि रास्तच होतं ते. म्हणजे भावाचा प्रश्न आला की बी कुठली याचा माग काढता येतो. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांची चौकशी कायद्याने सक्तीची झाली. सक्तीच्या मजुरीतून आलेला माल १४ डिसेंबर २०२७ पासून युरोपीय संघात विकता येणार नाही. माझ्या मते हे कायदे हवेत, आणि बागायतीपर्यंत माग काढायचा खर्च गिऱ्हाइकाने उचलायला हवा. तुमचं म्हणणं सांगा.

सत्तरीचा बागायतदार
मला हे पटत नाही. मार्च-एप्रिलात माझी दोन्ही मुलं सकाळी बागायतीत असतात. खाली पडलेली बोंडं गोळा करायची, पिळा देऊन बी काढायची, बी एका डब्यात, बोंडू दुसऱ्यात. मी तसंच केलं, माझ्या बापानेही. शाळेची वेळ सोडून घरच्या कामात मुलांनी मदत केली तर आपला २०१६ चा सुधारित कायदाही हरकत घेत नाही, काम धोक्याचं नसलं म्हणजे झालं. उद्या कुणी साहेब येऊन फोटो काढणार आणि माझी बी 'बालमजुरीची' ठरणार. आमची मुलं झाडाखाली वाढतात, तो गुन्हा आहे काय?

मडगावची शिक्षिका
बागायतदारबाब, तुमच्या मुलांबद्दल कुणी बोलत नाही. पण 'घरचंच काम' या दोन शब्दांच्या आड फार काही लपतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफचा २०२४ सालचा अंदाज आहे की जगात १३.८ कोटी मुलं मजुरीत आहेत, त्यातली ५.४ कोटी धोक्याच्या कामात. दहातली सहा शेतीत आहेत. कारखान्याच्या दारावर पहारा ठेवून ती दिसणार नाहीत.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. सलग तीन आठवडे गैरहजर. परत आली तेव्हा पेन धरताना बोटं आखडायची. हात पाहिला तर तळव्याची कातडी पापुद्र्यांनी निघालेली, काजूच्या टरफलाचा चीक लागून. आई घरी बी फोडायला आणायची, नगावर पैसे. मुलगी हाताला खोबरेल लावून बसायची, कारण आईचा एकटीचा आकडा पुरा होत नसे. कुठल्या फॉर्मवर ती येईल, सांगा. वय विचारून भागत नाही. शाळा बुडते का, हात भाजतात का आणि नाही म्हणायची सोय आहे का, हे विचारावं लागतं.

मुरगावकर
मी निर्यातीच्या धंद्यात आहे. दुखावण्यासाठी लिहीत नाही, पण कागदावरचा तुमचा विश्वास मला कळत नाही. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगार सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये करार केला की २००५ पर्यंत कोकोतली सर्वांत वाईट बालमजुरी संपवू. २०२० मध्ये पाहणीचा अहवाल आला तेव्हा आयव्हरी कोस्ट आणि घानात सुमारे १५.६ लाख मुलं कोकोत राबत होती. जे त्यांना वीस वर्षांत जमलं नाही ते डिचोलीच्या छोट्या कारखान्याने करायचं?

आणि बांगलादेश विसरू नका. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बालमजुरीच्या मालावर बंदीचं विधेयक आलं. ते मंजूरही झालं नाही. नुसत्या धास्तीने तिथल्या कपडे कारखान्यांनी हजारो मुलांना, युनिसेफच्या मते सुमारे ५० हजार, काढून टाकलं. त्यातली कित्येक दगड फोडायला गेली, काही त्याहून वाईट ठिकाणी. बंदी घालणाऱ्याचा हात स्वच्छ राहिला, मूल मात्र खड्ड्यात.

डिचोलीकर
मुरगावकरबाब, बांगलादेशचा धडा मी मानतो. पण तो तिथे संपत नाही. १९९५ मध्ये कारखानदार, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्यात करार झाला: शाळेत जागा झाल्याशिवाय मुलाला काढायचं नाही, आणि शिकताना घरच्यांना थोडे पैसे द्यायचे. माग काढणाऱ्याने मुलाच्या पोटाची सोयही पाहिली की काम होतं.

कागदाबद्दल तुमचं खरं आहे. तुमचं वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. पोत्याचा माग काढून फारसं हाती लागणार नाही, उचलीचा, म्हणजे मजुराने आगाऊ घेतलेल्या पैशांचा, माग काढला पाहिजे. बापाने उचल घेतली की पुढच्या हंगामात मूल त्याच्याबरोबर कामावर येतं, कारण दोन हातांनी ती फिटत नाही. सक्तीची मजुरी ओळखायच्या ज्या अकरा खुणा श्रम संघटनेने दिल्यात, त्यांत कर्जाने बांधणं, ओळखपत्र काढून घेणं आणि मजुरी अडवून ठेवणं या तिन्ही आहेत. हे पोत्यावर लिहिलेलं नसतं, मुकादमाच्या वहीत असतं.

कुटबणकर
आफ्रिकेपर्यंत कशाला जाता? ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि आमच्या कुटबणच्या मासळी धक्क्यावर ओडिशा, झारखंडचे खलाशी उतरतात. २०२४ मध्ये याच धक्क्यावर कॉलरा पसरला आणि खलाशी दगावले, तेव्हा कुठे ते राहतात कसे हे लोकांना दिसलं. एका तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, केबिनमध्ये मी रबर लावलेला आधार कार्डांचा गठ्ठा पाहिलाय. हीच मासळी बर्फात बसून परदेशी जाते.

ट्रॉलरमालक, बेतूल
मीही लिहितो, कारण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. खलाशी गावाकडे उचल घेतो आणि ऐन हंगामात, गणपतीनंतर, रातोरात शेजारच्या ट्रॉलरवर जातो. माझे तीस-चाळीस हजार बुडतात, डिझेलची उधारी डोक्यावर. कार्ड ठेवलं नाही तर काय ठेवू? मी कुणाला मारत नाही, मासळीचं जेवण देतो, आजारी पडला तर गाडी करून देतो.

मडगावची शिक्षिका
तुमचा तोटा खोटा नाही. पण कार्ड हातात नसलेला माणूस बँकेत जाऊ शकत नाही, आईच्या मयताला घरी जाऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं कामही सक्तीची मजुरीच. आणि १९७६ च्या कायद्याने वेठीचं कर्ज फेडायची जबाबदारीच रद्द होते. उचलीची लेखी पावती करा, कार्ड त्याच्याकडे राहू द्या.

ट्रॉलरमालक, बेतूल
पावती करीन. कार्डाचं सगळ्या मालकांनी एकदम ठरवलं तरच. मी एकट्याने परत दिली तर माझेच खलाशी जातील.

सत्तरीचा बागायतदार
डिचोलीकरबाब, माझं मत तेच आहे, माझ्या पोरांना फॉर्ममध्ये घालू नका. पण हंगामात माझ्याकडे कर्नाटकातून जोडपं येतं, त्यांची मुलगी दहा-अकरा वर्षांची. ती दिवसभर काय करते, मी कधी पाहिलं नाही. पाहतो.

डिचोलीकर
यंदाच्या फॉर्मवर मी दोन्ही चौकोन रिकामे ठेवले. खाली लिहिलं: आमच्या कारखान्यात नाही. आयात बीबद्दल आमच्याकडे बंदराच्या पलीकडची माहिती नाही. गावापर्यंत चौकशी करायची आमची तयारी आहे, खर्चाचा वाटा तुम्ही उचलावा. मालकांना दाखवलं. माल अडकला तर बायकांची मजुरी कुठून देणार, असं ते म्हणाले, आणि ती भीतीही खरी आहे. अजून सही झालेली नाही. शुक्रवार शेवटची तारीख.