मदत हवी आहे : तापलेली एमजीबी पुन्हा सुरू होत नाही

इंग्लंडमध्ये राहतो, गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते आणि टप उघडून गावाकडच्या वळणांवर अशी पळते की बास! पण लांब चालवून पेट्रोलला थांबलो की नुसता सेल्फ फिरतो. अर्ध्या तासाने मुकाट सुरू.

ठिणगीचं सामान, म्हणजे प्लग, पॉइंट, कंडेन्सर, नवं टाकलंय. चावी फिरवली की गाडीच्या मागच्या इंधन पंपाची टिकटिक होऊन थांबते. तापमानाचा काटा मध्यावरच. पेट्रोल ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल), ई१० (१० टक्क्यांपर्यंत) नाही. हीट शील्ड (कार्ब्युरेटरला एक्झॉस्टच्या उष्णतेपासून वाचवणारा पत्रा) आहे, पण तिचं अस्तर झडलंय. इलेक्ट्रॉनिक इग्निशन सुचवू नका, गाडी मूळ रूपातच ठेवायचीय.

पेट्रोलची वाफ होतेय की तापलेली इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) दगा देतेय, हे रस्त्याकडेला उभ्या उभ्या कसं ओळखायचं?