मृगाआधी गच्ची आणि कूलर: दोघांनी घरीच करायचं तर आधी काय, मग काय?

उन्हातलं_घर (जळगाव)

राम राम मंडळी. एकमजली घर, स्लॅबची गच्ची ६०० चौरस फूट, वर विटांचा जुना कोबा. कोब्यावर केसभर भेगा बऱ्याच आहेत. पश्चिमेच्या कठड्याच्या मुळाशी मात्र साधारण २५ फूट लांब एक भेग आहे, तीत दहाच्या नाण्याची कड सहज जाते. पावसाळ्यात त्याच भिंतीला आतून ओल धरते.

बेडरूम नैऋत्येला, १२ बाय १२, उंची १० फूट. रात्री बारालाही छत तापलेलंच असतं. खिडकीत पत्र्याचा कूलर आहे, २००० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा फेकणारा), गवताचा. पाणी बोअरचं, क्षाराचं. कूलर लावला की तासाभरात अंथरूण चिकट होतं.

मिस्त्री आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) मोकळा नाही म्हणून नवरा-बायको मिळूनच करायचं ठरवलंय. चुना मारावा की डब्यातला पांढरा कोट? भेगा आधी की पांढरं आधी? कूलरचं काय चुकतंय? आणि गच्चीवर बिबडे, नागलीचे पापड वाळायचे आहेत, तेही धरून सांगा.

---

कोबा_आणि_वाटा (भुसावळ)

आधी निचरा, मग भेगा, मग पाणी तुंबवून तपासणी, सगळ्यात शेवटी पांढरं. पांढरं आधी मारलं की मोठी भेग झाकली जाते, बुजत नाही. मग पावसाळ्यात पाणी कुठून येतंय ते शोधायला तोच कोट खरवडत बसावं लागतं.

गच्ची झाडून, तारेच्या ब्रशने घासून धुवा. शेवाळाचे काळे डाग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा, अर्ध्या तासाने पुन्हा धुवा. पाणी जायच्या भोकात कोपरापर्यंत हात घालून गाळ काढा. बऱ्याच घरांतली गळती तिथलीच असते: पाइप आणि कोबा यांच्यामधलं सिमेंट सुटलेलं असतं आणि पाणी पाइपाच्या बाहेरून भिंतीत उतरतं.

धुतलेली गच्ची वाळताना कुठे जाऊ नका. बाकीचा कोबा पांढरट होतो आणि भेगा ओल्या काळ्या रेघांसारख्या काही मिनिटं उठून दिसतात. तेवढ्यात एकाने खडूने खुणा करत जायचं. एरवी अर्ध्या भेगा दिसतच नाहीत.

केसभर भेगांना फोडू नका, त्या कोटात बुजतात. कठड्याच्या मुळाची भेग वेगळी. ऊन लागलं की स्लॅब पसरतो, कठडा तेवढा पसरत नाही, त्यामुळे ती भेग रोज थोडी उघडते आणि मिटते. तिच्यात नुसतं सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारीच नवी भेग पडते. छन्नीने १० मिमी रुंद, १० मिमी खोल खाच काढा, ब्रशने आणि फुंकणीने धूळ काढा, पूर्ण कोरडी झाल्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं भरण, भरा. एवढ्या खाचेला मीटरला १०० मिली लागतं. तुमचे २५ फूट म्हणजे साडेसात मीटर, म्हणजे ३०० मिलीच्या तीन नळ्या. दुकानदार स्वस्त म्हणून सिलिकॉन पुढे करेल, घेऊ नका, त्यावर कोट धरत नाही. भरायचं ते पहाटे. गारव्यात भेग जास्तीत जास्त उघडी असते, तेव्हा भरलेलं दिवसा दाबलं जातं. दुपारी भरलेलं रात्री ताणून सुटतं.

दोन दिवसांनी भोकात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गोणपाट कोंबा, वर ओल्या मातीचा बांध घाला आणि इंचभर पाणी ४८ तास ठेवा. ६०० फुटाला ते साधारण १,४०० लिटर होतं. स्लॅबला हे वजन काहीच नाही, पण एवढं पाणी कुठून आणायचं ते आधी ठरवा. बोअरचं चालतं. आणि पाणी किती उतरलं त्यावरून निकाल काढू नका. मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. खाली छताला आणि भिंतीला ओल दिसते का, तेवढंच बघा.

मग गच्ची खडखडीत वाळू द्या. दोन बाय दोन फूट प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून दोन दिवस थांबा. दमट कोब्यावर मारलेल्या कोटाला पहिल्याच आठवड्यात फोड येतात.

कोट घेताना डब्यावर एसआरआय, म्हणजे कोट ऊन किती परतवतो त्याचा आकडा, लिहिलेला असतो तो बघा, १०० च्या आसपास असलेला चांगला. साध्या पांढऱ्या एक्स्टिरियर रंगाला कूल कोट म्हणून विकतात, तो पाणी अडवत नाही. दोन हात मिळून लिटरला २० ते २५ फूट धरा, म्हणजे तुम्हाला २० चा एक आणि १० चा एक डबा. पहिला हात निम्मं पाणी घालून प्रायमरसारखा. कठड्याच्या कोपऱ्यात, सीलंटवर, सहा इंची फायबर जाळीची पट्टी ओल्या कोटात दाबून बसवा आणि कोट कठड्यावर फूटभर चढवा. त्यानंतरचे दोन हात पाणी न घालता, एक उभा, एक आडवा. दोन हातांत एक रात्र जाऊ द्या.

वेळ सकाळी सहा ते साडेआठ, बस. नऊनंतर कोबा इतका तापतो की कोट वरून साय धरतो, आत ओला राहतो आणि मग सोलून निघतो. संध्याकाळीही नको, स्लॅब उशिरापर्यंत गरम असतो. आभाळ भरून आलं तर त्या दिवशी ब्रश हातात घेऊ नका, वळवाच्या एका सरीत सगळं वाहून अंगणात येतं.

---

चुनखडी (अमळनेर)

वरचं सगळं बरोबर, फक्त चुन्याला कोणी नावं ठेवू नयेत. पैसे कमी असतील आणि गळती नसेल तर चुनाच मारा. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून वस्त्यांमधल्या छपरांना चुन्याचा पांढरा हात दिला तो याच हिशोबाने. पण चुना गारवा देतो, पाणी अडवत नाही, आणि एका पावसाळ्यात बराचसा धुतला जातो. दर चैत्रात मारायची तयारी हवी.

६०० फुटाला तीन हातांसाठी २० किलो कळीचा चुना आणि साधारण १०० लिटर पाणी. चुना लोखंडी पिंपात भिजवा. प्लास्टिकची बादली वितळते, इतकी वाफ निघते. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना, उलटं कधीच नको. डोळ्याला गॉगल हवाच. चुना डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्याने धुवायचं आणि थेट दवाखाना. रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळा, १० किलोला किलोभर फेविकॉल कोमट पाण्यात कालवून घाला. गच्चीवर आधी पाणी शिंपडा, ओलसर कोब्यावर हात मारा. कोरड्यावर मारला की लगेच भुकटी होऊन पायाला लागतो. हात पातळ हवेत, जाड थर पापुद्रे धरतो.

एक लक्षात असू द्या. यंदा चुना मारून पुढच्या वर्षी डब्यातला कोट मारायचा विचार असेल तर चुना पूर्ण घासून काढावा लागेल. चुन्याच्या भुकटीवर कोट चिकटतच नाही. तुमच्याकडे ओल आहे, तेव्हा चुन्याचा नाद सोडा.

---

बोअरचं_पाणी (जळगाव)

कूलरबद्दल. चिकट होतंय याचा अर्थ हवा बाहेर जायला वाट नाही. कूलर थंडीसोबत ओलावाही आत टाकतो, तो समोरच्या बाजूने निघून जायला हवा. १००० सीएफएमला दोन चौरस फूट उघडी जागा, म्हणजे तुमच्या कूलरला चार. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार उघडा, कूलरच्या शेजारची नको. कागदाची पट्टी त्या फटीत धरा. ती बाहेरच्या बाजूला उडाली पाहिजे, लोंबकळत असेल तर जागा अजून मोठी करा. खोली १,४४० घनफूट आहे, कूलर पुरेसा आहे, मोठा घ्यायची गरज नाही. पाठ बाहेर आहे ना, तेही बघा. खोलीतलीच हवा ओढणारा कूलर म्हणजे पाण्याचा पंखा.

कूलरचा जोर कोरड्या हवेवर असतो. मे महिन्यात दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली तर चांगल्या गवतातून २८ च्या आसपासची हवा मिळते. जूनच्या शेवटी बाहेर ३४ आणि आर्द्रता ६५ टक्के झाली की कूलर फार तर चारेक अंश उतरवतो आणि वर घाम आणतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. पाऊस लागल्यावरही पंप चालू ठेवून कूलर बिघडला म्हणणारे दरवर्षी भेटतात भो!

क्षाराचं पाणी. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. नुसतं वरून भरत राहिलं की टाकीतलं पाणी दिवसागणिक जड होत जातं आणि गवत पांढरं, कडक होतं. मग पाणी एका रेघेतून उतरतं आणि कोरड्या पट्ट्यांतून गरम हवा येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करा. ते पाणी झाडांना घालू नका, फरशी धुवायला वापरा. गवत दर हंगामाला बदला. बसवताना बोटांनी मोकळं करून सारखं पसरवा, खाली घसरून वर पोकळी राहते तिथून गरम वारा शिरतो. वाळा लावायचा असेल तर पातळ लावा, दाट वाळ्याने वारा बराच कमी होतो. वरच्या पन्हळीची भोकं तारेने साफ करा, पन्हळ पाणसळीत ठेवा.

पंप जाम झाला तर काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात (लिटरला दोन-तीन चमचे) तासभर चालवा, पण बादलीत, पत्र्याच्या टाकीत नको. जस्ताचा मुलामा जाऊन टाकी गंजते. आठवड्यातून एकदा टाकीच्या कडा घासाच. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

आणि पत्र्याचा कूलर म्हणून सांगतो: तीन पिनेचा प्लग, खरं अर्थिंग, मीटरपाशी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पाणी भरताना प्लग काढून, चप्पल घालून. बटण बंद आहे यावर भागवू नका, घरात वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही कूलरमध्ये करंट राहतो.

---

उन्हातलं_घर (जळगाव)

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. वाळवण कोट मारण्याआधी की नंतर? आणि गावी पारोळ्याकडे सासऱ्यांचं धाब्याचं, म्हणजे लाकडावर मातीच्या सपाट छताचं, घर आहे. तिथेही हाच कोट मारता येईल का? दरवर्षी वर खारी (खारी माती) टाकायला माणूस मिळत नाही.

---

सर_आणि_खारी (चोपडा)

ताई किंवा दादा जे असाल ते, धाब्यावर कोट अजिबात नको. प्लास्टिकही नको, सिमेंटचा लेपही नको. माती ओल घेते आणि सोडते, तिला वरून बंद केलं की आतली ओल खाली लाकडाला लागते. सर आणि कड्या (छताची मोठी आणि लहान लाकडं) भिंतीत शिरतात तिथून कुजायला लागतात आणि वरून काही दिसत नाही. पेचकस घेऊन सराचं भिंतीलगतचं टोक टोचून बघा. सहज रुतला तर खारी वगैरे नंतर, आधी सुतार.

खारी पाणी अडवते कारण ती क्षाराची बारीक माती आहे. पाऊस लागला की तिचे कण सुटे होऊन खालच्या मातीची छिद्रं बुजवतात. म्हणून काळी माती टाकून चालत नाही, ती वाळली की भेगाळते. मेच्या शेवटी गवत मुळासकट उपटा, उंदराची बिळं मातीने ठासून भरा. मग खारी इंचभर, पन्हाळीकडे उतार ठेवून पसरा. पहिल्या सरीनंतर जिथे पाणी साचलं तिथे अजून एक घमेलं. आधी जुना सुटा थर खरवडून काढायचा, हे लोक विसरतात. ओली माती इंचाला चौरस मीटरमागे ४५-५० किलो भरते. दहा वर्षं नुसती चढवत गेलात तर सरांवर किती बोजा झाला ते मोजा. आणि पन्हाळ भिंतीपासून हातभर पुढे हवी, नाहीतर तिचं पाणी मातीच्या भिंतीच्या पायात जातं.

---

कोबा_आणि_वाटा (भुसावळ)

वाळवण आधी उरका. बिबड्यांना दोन-तीन कडक उन्हं लागतात, तेवढ्यात तुम्ही भेगांच्या खुणा करून सामान आणू शकता. धूळ उडवायचं काम मात्र वाळवण खाली गेल्यावरच. कोट मारल्यावर आठ दिवस वर खाट, बाज, झोका काही नको, पाय रुततात. पुढच्या वर्षी पापड घालायचे तर खाली जुनी चटई आणि वर कापड घाला, कोटावर थेट प्लास्टिक अंथरलं तर उन्हाने चिकटतं. कुंड्यांखाली विटांचे तुकडे ठेवा. पावसात हा कोट घसरडा होतो, जिन्याच्या दारापासून टाकीपर्यंत दोन फुटांच्या पट्ट्यात शेवटच्या हाताआधी, कोट ओला असतानाच, चाळलेली बारीक वाळू भुरभुरवा.

काळी टाकी असेल तर तिला हा कोट मारू नका, त्या प्लास्टिकवर तो टिकत नाही. चारी बाजूंनी हिरवी जाळी टाकीपासून वीतभर लांब बांधा.