पाच झाले का? : हरणाऱ्या टीमवाल्यांनी इथे यावे (अनुभव धागा)

आयर्विनचा_कठडा

परवा भाचीला विश्रामबागेत क्लासला सोडलं आणि सुटेपर्यंत तिथंच थांबलो. शेजारच्या मैदानावर पोरं बास्केटबॉल खेळत होती. एकाच्या अंगात डॅलस मॅव्हरिक्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या माझ्या बास्केटबॉल टीमचा, निळा शर्ट, नंबर ७७. पाठीवरच्या नावावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने स्वतःचं आडनाव. घामाने शाई खाली ओघळलेली. विचारलं, "काय रे, डॉन्चिच कुठं गेला?" म्हणाला, "तो गेला की काका लॉस एंजेलिसला. शर्ट नऊशेचा हाय, टाकून देऊ व्हय?"

घरी येईपर्यंत हसत होतो. जेवताना मात्र सगळं वर आलं.

मी डॅलसवाला झालो २०१५ ला. त्यांनी सतनाम सिंगला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, ५२ व्या नंबरला घेतलं होतं. एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ड्राफ्टमधला पहिला भारतीय, सात फूट दोन इंच. बिचारा तिथं एकही मॅच खेळला नाही, पण मी अडकलो तो अडकलोच. २ फेब्रुवारी २०२५, रविवार. अकराच्या आत मंडईतून कृष्णाकाठची वांगी घेऊन येत होतो, तेवढ्यात फोन वाजायला लागला. आदल्याच सीझनला टीमला फायनलला नेणारा पंचवीस वर्षांचा डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या लेकर्सला दिला म्हणे, आणि बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला. बातमी देणाऱ्याचं खातं कुणीतरी हॅक केलं असणार, असं म्हणून मी निवांत वांगी चिरत बसलो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. डेव्हिस पहिल्याच मॅचला २६ पॉइंट, १६ रिबाउंड काढून जांघ धरून बाहेर. ३ मार्चला आमच्या कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. पठ्ठ्याने फाटक्या लिगामेंटवर दोन्ही फ्री थ्रो आत घातले आणि मगच कोर्ट सोडलं. त्या महिन्यात रोज सकाळी दात घासताना मी एकच बघायचो, मॅचला लागणारे आठ जण तरी आज उभे राहतायत का.

आणि मग आमची टीम आठवायची. २००५ च्या आसपास जिल्ह्यातल्या एका गावात खुल्या स्पर्धा होत्या. आम्ही चौघं सकाळी नऊला हजर. पाचवा तासगावचा, त्याच्या घरी द्राक्षाची काढणी चालू. सुरू करायला पाच लागतातच, पंधरा मिनिटं थांबतात, नाही तर समोरच्याला २०-० देऊन टाकतात. पंच घड्याळ बघतायत, आमचा कॅप्टन गेटकडं. चौदाव्या मिनिटाला हा एसटीतून उतरून पळत आला, पायात चप्पल. गावातल्या कुणाचे तरी बूट घेतले, एक नंबर मोठे, पुढं कागद कोंबला. आणि खेळलो. ६१-१९ ने हरलो.

तर सांगा आपापलं. एनबीए, कॉलेज, गल्ली, काहीही चालेल. फक्त टीम हरणारी पाहिजे. जिंकणाऱ्यांनी दुसरा धागा काढावा.

गणित_कच्चं

न खेळता २० ने हरला असता. खेळून ४२ ने हरला. पाचव्याला यायला नको होतं.

आयर्विनचा_कठडा

हे आम्हाला परत येताना टेम्पोत कळलं.

अजिंक्यताऱ्याखाली

शिकागो बुल्स. आमच्या साताऱ्यात ९६-९७ ला राजवाड्यापाशी रस्त्यावर त्या टोप्या मिळायच्या, लाल बैलाच्या. कोण खेळतं, काय खेळतं, काही माहीत नव्हतं. आजोबांनी टोपी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, खिलार न्हाई ह्यो. बेंदराला सकाळी टोपी शोधतोय तर मिळेना. मिरवणुकीत बघतो तर आमच्या सर्जाच्या शिंगाला! झुलीपेक्षा टोपीकडंच सगळे बघतायत.

मॅच बघायला लागलो तोवर सहाही किताब होऊन गेले होते. ९१ ते ९३ आणि ९६ ते ९८. आमच्या वाट्याला खरकटी भांडी. मग डेरिक रोज आला. २०११ ला एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, बावीस वर्षांचा, एवढ्या लहान वयात कुणालाच मिळालं नव्हतं. म्हटलं चला, आता आपले दिवस. एप्रिल २०१२, प्लेऑफची (सीझननंतरची बाद फेरी) पहिलीच मॅच, बारा पॉइंटने पुढे, दीड मिनिटसुद्धा उरलेलं नाही. उडी मारली आणि गुडघा धरून खाली. कशाला ठेवला होता त्याला कोर्टवर? चौदा वर्षं हाच प्रश्न विचारतोय, बायको म्हणते कुणाला विचारताय.

नंतर २०२२ ला लोन्झो बॉल. तोही गुडघाच. दोन अख्खे सीझन बाहेर. "पुढच्या महिन्यात येईल" हे ऐकून ऐकून आमची पोरगी चालायला लागली.

मिरज_जंक्शन

गुडघ्यावरून आठवलं, लिगामेंटचं ऑपरेशन मिरजेत कुणी करून घेतलंय का? मेव्हण्याचा व्हॉलीबॉल खेळताना गेलाय. डॉक्टर म्हणतात नऊ महिने.

स्नेहा_कराड

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. नऊ महिने म्हणजे नऊच धरा. माझ्या भावाने सहाव्या महिन्यात हौस केली, परत पहिल्यापासून.

डबा_भरणारी_आई

मी खेळाडू नाही, पण लिहिते. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत.

आमचे चिरंजीव अकरावीला आहेत. नववीत असताना पहाटे पाचला उठायला लागले. मी सगळ्या नातेवाइकांत सांगितलं, पोरगा सुधारला. महिन्याभराने पाणी प्यायला उठले तर पांघरुणात उजेड. डेट्रॉइट पिस्टन्सची मॅच! का, तर मित्रांबरोबर गेम खेळताना चिठ्ठीत ती टीम आली होती. बरं, टीम तरी कशी, तर सलग २८ मॅच हरली. मी डबा भरताना त्याचं तोंड बघून ओळखायचे, विचारायची गरजच नाही. एकदा न राहवून म्हटलं, अरे दुसरी टीम घे की, कुणी सक्ती केलीय का. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दुसरी आई घे म्हटलं.

२०२३ च्या ३१ डिसेंबरला सकाळी सकाळी हा ओरडला. सासूबाई काठी घेऊन आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. टोरांटोला हरवलं होतं म्हणे. त्या सकाळी मी शिरा केला. त्या सीझनला ८२ पैकी १४ जिंकल्या, पुढच्या सीझनला ४४. फिजिक्स मात्र अजून १४ वरच आहे.

तिसरी झाली. येते.

गणित_कच्चं

काकू धागा जिंकल्या.

पंचगंगेचा_पोरगा

सांगलीकरांनो, कशाला अमेरिकेला जाताय. शाहू स्टेडियमवर या, पेठेचा फुटबॉल बघा. तिथं टीम बदलायची सोयच नाही, पेठ बदलून जाणार कुठं?

भडंग_जास्त_तिखट

आले कोल्हापूरकर. आता धागा मिसळीवर जाणार.

पंचगंगेचा_पोरगा

मी काढलीच नव्हती मिसळ. तुम्हीच काढली. आता आलाच आहे विषय तर...

आयर्विनचा_कठडा

नको. हात जोडतो.

पेन्सिल_आणि_रबर

आमची मुलींची टीम, सातारा. एनबीए वगैरे तेव्हा टीव्हीवर लागत असेल, आमच्याकडे केबल नव्हती.

रोस्टर म्हणजे सरांच्या डायरीत पेन्सिलने लिहिलेली बारा नावं. पेन्सिलने, कारण जून ते नोव्हेंबर रबर चालूच असायचा. खोडलेल्या नावापुढे सर कारण लिहायचे, त्यांची सवयच होती. क्लास. क्लास. आजी वारली. घरी नको म्हणतात. क्लास. विभागीयला कोल्हापूरला जायच्या आदल्या दिवशी आमच्या सेंटरचं नाव खोडलं गेलं, पुढे नुसतं "पाहुणे".

पाच फूट दहा इंच उंची होती तिची. बोर्डाखाली उभी राहिली की आम्ही डोळे मिटून शॉट मारायचो, चुकला तरी ती होती. संध्याकाळी मी आणि अजून एक जण तिच्या घरी गेलो. तिची आई पोह्यांचा कांदा चिरत होती, उद्याची तयारी. म्हणाली, "उंची आधीच एवढी, त्यात उड्या. कुठं शोधायचा हिच्यापेक्षा उंच?" ही आतल्या दारात उभी, हातात माझीच ट्रॅकपँट. परत द्यायला धुऊन, घडी घालून ठेवलेली. ती घेऊन आलो. रस्त्यात दोघी काही बोललो नाही.

कोल्हापुरात १४ पॉइंटने हरलो. तिथं रिबाउंडला आमच्याकडं कोणी नव्हतंच. ती आता फलटणला असते, मुलगी चौदा वर्षांखालील गटात खेळते. सेंटरच.

डबा_भरणारी_आई

भाजी ढवळता ढवळता वाचलं. पाहुणे पसंत करून गेले का?

पेन्सिल_आणि_रबर

नाही. उंची जास्त म्हणाले.

स्नेहा_कराड

काय बोलायचं.

अजिंक्यताऱ्याखाली

त्या पोरीचं नाव तरी पेनने लिहा म्हणावं तिच्या सरांना.

चढाईला_गेलेला

कबड्डीवाल्यांना प्रवेश आहे का? प्रो कबड्डीतली यू मुंबा. २०१५ ला जिंकले ते शेवटचं. दर लिलावात अर्धी टीम नवी. मी आडनावं पाठ करेपर्यंत सीझन संपतो. वडील अजून मागच्याच्या मागच्या सीझनच्या खेळाडूला शिव्या देतात, तो आता दुसऱ्याच टीममधून खेळतो. सांगत नाही मी त्यांना.

हळदीचा_सौदा

सॅक्रामेंटो किंग्ज. हसून घ्या आधी.

मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, एवढ्या एका कारणावर टीम धरली. घराणं बघून मुलगी दिली आणि फसलो. २००६ नंतर प्लेऑफ बघायला २०२३ उजाडलं, मधले सोळा सीझन कोरडे. ऑक्टोबर २०१९ ला एनबीएच्या मॅच पहिल्यांदा भारतात आल्या, किंग्ज विरुद्ध इंडियाना, वरळीच्या डोममध्ये. पहिली ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ ने हरले, दुसरी सरळसरळ हरले. म्हणजे हरायला एवढ्या लांब आले.

मी जाणार होतो. बॅग काढलेली. पण त्याच ऑगस्टचा पूर आठवतोय ना, आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर. आम्ही वरच्या मजल्यावर, खालचं सगळं गेलं. मुंबईसाठी साठवलेले पैसे सोफ्यात आणि फ्रिजमध्ये गेले. पाणी उतरल्यावर मी घराआधी कोर्ट बघायला गेलो होतो, हे घरी अजून माहीत नाही. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते, त्यामुळं पाणी किती आलं ते पोलवर सरळ मोजता आलं. चिखलाची रेघ रिंगच्या खाली हातभर. जाळीत प्लॅस्टिकची पिशवी आणि उसाचं पाचट अडकलेलं. तिघांनी फावड्यानं चार दिवस गाळ काढला. खाली फ्री थ्रोची पिवळी रेघ दिसली तेव्हा एकजण रडला. कोण ते सांगत नाही.

२०२३ ला प्लेऑफला आलो तर सातव्या मॅचला गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीने ५० मारले. आमच्याच घरात येऊन. मग डिसेंबर २०२४ मध्ये कोच काढला, फेब्रुवारीत आमचा स्टार फॉक्स सॅन अँटोनियोला दिला. डॅलसवाले, तुमचं दुःख मोठं आहे, मान्य. पण तुम्हाला निदान २०११ चा किताब आहे. आणि १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टच्या लॉटरीत पहिला नंबर लागून कूपर फ्लॅग मिळाला. आम्हाला आजवर काय लागलं? पूर.

आयर्विनचा_कठडा

फ्लॅगचं खरंय. त्या दिवशी मी पेढे वाटणार होतो. मग आठवलं, मागच्या वेळी असाच एक पोरगा मिळाला होता. नाही वाटले. नोव्हेंबरमध्ये मालकांनी डॉन्चिचला देऊन टाकणाऱ्या मॅनेजरला, निको हॅरिसनला, काढलं, तेव्हाही वाटले नाहीत. तोवर अख्खं स्टेडियम "फायर निको" ओरडून घसा बसवून घेतलेलं, पण डॉन्चिच थोडाच परत येणार. त्याआधी एप्रिलला लेकर्सकडून डॅलसला आला, सुरुवातीचा व्हिडिओ बघून बाकावर रडला आणि मग आम्हालाच ४५ मारले. मी दोन्ही वेळा रडलो.

भडंग_जास्त_तिखट

पेढे साताऱ्याचे कंदी असतील तर निकाल काही लागो, वाटा.

गेटमधून_पळत

अकाउंट फक्त या धाग्यासाठी काढलंय. चप्पल नव्हती, सँडल होती. एसटी नव्हती, बेदाण्याचा टेम्पो होता. पंधराव्या मिनिटाला पोचलो, पंचांनी घड्याळ हलवून बघायचं नाटक केलं म्हणून वाचलो. आणि ६१-१९ मधले अकरा माझे होते, ते कोणी लिहिणार नाही. कागदवाल्या बुटांवर अकरा!

आयर्विनचा_कठडा

आयला! कुठं आहेस लगा??

गेटमधून_पळत

तासगावलाच. बाग निम्मी काढली, निम्मी आहे. गुडघा एक गेलाय, डावा. तू अजून डावीकडूनच ले-अप मारतोस का?

आयर्विनचा_कठडा

मारतो. लागत नाही. रविवारी सहाला ये, त्याच कोर्टवर. आम्ही तिघं असतो, ७७ वालं पोरगं पण येतो म्हणालंय.

हळदीचा_सौदा

ते कोर्ट मी गाळ काढलेलं असेल तर मीही येतो. सहा झाले मग. बदली खेळाडूसुद्धा!

मिरज_जंक्शन

स्नेहाताई, व्यनि मिळाला, धन्यवाद. मेव्हणा विचारतोय, बसून पंच म्हणून चालेल का.

गेटमधून_पळत

चालेल. घड्याळ हलवता येतं का विचार. आणि बॉलमध्ये हवा कोण भरणार? माझ्याकडं पंप आहे, सुई नाही.