टाइमशेअरवाले पाठ सोडत नाहीत, काय करू? (तातडीचं, मदत हवी आहे)

पाणकोंबडी, सकाळी ११:४०
आम्ही पाच दिवसांसाठी रिसॉर्टवर आलोय. पहिल्याच दिवशी स्वागतकक्षातल्या मुलीने गोड बोलून टाइमशेअरच्या (रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहायचा हक्क विकतात ना, तो) बैठकीला बोलावलं. फक्त ९० मिनिटं, वर स्पाचं कुपन भेट. त्या ९० मिनिटांचे साडेचार तास झाले. लेक खेळाच्या खोलीत आणि आम्ही दोघं एका टेबलाला खिळलेले. एक माणूस उठला की दुसरा येऊन बसायचा, आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा मोठा साहेब. डोकं बधिर झालं अगदी. आता उद्या सकाळी १० ला परत बोलावलंय आणि खोलीतला फोन सारखा वाजतोय. कसं टाळू? नवरा म्हणतो, जाऊन येऊ, उगाच वाईटपणा कशाला. लवकर सांगा प्लीज.

तिरकस, ११:४६
"नाही" म्हणा. दोन अक्षरं आहेत. यासाठी धागा?

खडूस_आजोबा, ११:५८
तिरकसराव, त्या खुर्चीत बसून बघा एकदा, मग अक्षरं मोजा.
ताई, फोनची वायर भिंतीतून काढून ठेवा. मी असल्या ठिकाणी सरळ बहिऱ्याचं सोंग घेतो. "वर्षाला सुट्टीवर किती खर्च करता?" विचारलं की मी म्हणतो, "हो, हवा छान आहे." एकदा तिसऱ्या साहेबाने स्वतः हात धरून मला दारापर्यंत सोडलं होतं. बायको आठवडाभर बोलली नाही, तो भाग वेगळा.

डोंगरवाट, दुपारी १२:१०
सगळे टाइमशेअरला शिव्या घालतात म्हणून लिहितो. आमच्याकडे १४ वर्षं आहे आणि आम्ही मजेत आहोत. दरवर्षी ठरलेला आठवडा, ठरलेली जागा, स्वयंपाकघरासकट मोठी खोली. तुम्ही नीट ऐकून तर घ्या, काय देतायत ते. पॉइंट्स (दरवर्षी मिळणारे गुण, ते वापरून बुकिंग करायचं) आहेत की ठरावीक आठवडा? ठरावीक असेल तर जरूर विचार करा.

तिरकस, १२:१४
डोंगरवाट, १४ वर्षांपूर्वीची देखभाल फी आणि या वर्षीची, दोन्ही आकडे टाका की इथे.

डोंगरवाट, १२:३१
वाढली आहे. सगळंच वाढतं. हॉटेलं काय फुकट झाली का?

तिरकस, १२:३३
हॉटेल महाग वाटलं तर त्या वर्षी मी घरी बसतो. तुम्ही घरी बसलात तरी फी भरता. आणि विकायला काढा बरं आज, कोणी घेतंय का बघा.

डोंगरवाट, १२:४०
मला विकायचंच नाहीये! मूळ प्रश्न काय, तुम्ही बोलताय काय.

कलम_कसाई, १२:४४
भांडण नंतर. पाणकोंबडी, चार गोष्टी सांगा: १) सही केली आहे का? २) केली असेल तर कोणत्या तारखेला? ३) पैसे दिले का आणि कसे? ४) कुठल्या देशात? याशिवाय बाकी सगळं हवेतलं आहे.

रिकामटेकडी, १२:५२
थोडं अवांतर, रिसॉर्टमधला तलाव गरम पाण्याचा आहे का? आमच्याकडे लहान बाळ आहे, पुढच्या महिन्यात कुठेतरी जायचं चाललंय.

पाणकोंबडी, १:१५
अहो, सही तर केलीच. न करता सोडलं असतं का त्यांनी? नवऱ्याने आणि मी, दोघांनीही, परवा. पहिला हप्ता नवऱ्याच्या क्रेडिट कार्डवरून गेला, बाकीचे महिन्याला. पण माझा प्रश्न उद्याच्या बैठकीचा आहे.
देश सांगत नाही. तिथे असे रिसॉर्ट मोजून दोन आहेत, लगेच ओळखू येईल. आणि आम्ही अजून त्यांच्याच खोलीत राहतोय.

तिरकस, १:१७
!!!
हे धाग्याच्या पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो.

खडूस_आजोबा, १:२०
म्हणजे वायर काढून भागणार नाही.

कलम_कसाई, १:३८
ताई, उद्याची बैठक विसरा. तुम्हाला आज करार वाचायचा आहे. बहुतेक ठिकाणी सही केल्यावर ठरावीक दिवसांत काहीही कारण न देता माघार घेता येते. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार हे १४ दिवस आहेत आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी आहे. (१९९४ च्या जुन्या निर्देशात १० दिवस होते.) फ्लोरिडात १०, कॅलिफोर्नियात ७, नेवाडात ५, मेक्सिकोत कामाचे ५ दिवस. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, तिथे आधी करारातलं कलम बघायचं आणि अडलं तर ग्राहक आयोग. म्हणून देश विचारत होतो, चहाटळपणा म्हणून नाही. सांगायचा नसेल तर नका सांगू, पण मग करारातलं ते पान शोधा आणि इथे जसंच्या तसं लिहा. परवा सही म्हणजे दिवस चालू झालेले आहेत.

पाणकोंबडी, १:५५
करार शंभरेक पानांचा आहे. टॅबवर सह्या घेतल्या. कागद एका स्वागताच्या पिशवीत घालून दिले, वर टोप्या आणि टॉवेल. कुठून सुरू करू? आणि सही झाल्यावर आमचा व्हिडिओसुद्धा काढला. "कोणी जबरदस्ती केली नाही, सगळं समजलं" असं आम्ही हसत हसत म्हटलंय त्यात. आता माघार कशी घेणार?

डोंगरवाट, २:०२
व्हिडिओत हो म्हटलंय, मग आता काय बोलणार? माणसाने शब्दाला जागावं. आमच्या वेळी व्हिडिओ नव्हता, तरी आम्ही जागलो.

कलम_कसाई, २:०९
शब्दाचा इथे संबंध नाही. माघारीचा हक्क कायद्याने दिलेला असेल तर तो सही करून सोडून देता येत नाही. फ्लोरिडा काय, युरोप काय, तो सोडून द्यायला लावणारी अटच तिथे निरुपयोगी ठरते. व्हिडिओ उपयोगी पडतो तो "आमची फसवणूक झाली" असं तुम्ही नंतर, मुदत संपल्यावर म्हणाल तेव्हा, आणि तोही त्यांना. मुदतीत कारणच द्यायचं नाही, तर व्हिडिओ दाखवणार कुणाला?

माजी_विक्रेता, २:२६
एरवी फक्त वाचतो, आज लिहितो. मी तीन वर्षं त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. नंतर सोडलं.
पहिला माणूस मैत्री करतो, शेवटची सुट्टी कधी घेतली, मुलांबरोबर वेळ मिळतो का वगैरे. तुम्ही जे सांगता ते तो कागदावर टिपतो आणि पुढच्याला देतो. म्हणून साहेब येऊन बसतो तेव्हा त्याला तुमच्या लेकीचं नाव माहीत असतं. मग तुमचा वर्षाचा खर्च गुणिले वीस वर्षं. तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून तुमच्यासमोर ठेवायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसायचं शिकवतात. जो आधी बोलेल तो हरला. नवरा-बायको दोघं हवेतच, कारण एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणतो. मुलांना खेळाच्या खोलीत ठेवतात तेही यासाठीच, मूल रडलं की गिऱ्हाईक उठतं.
आता तुमची उद्याची बैठक. तिला स्वागत म्हणत असतील किंवा सदस्यांची माहिती. खरा उद्देश दोनच: आणखी मोठं पॅकेज गळ्यात मारणं, आणि तुमचा विचार बदलला असेल तर तो मुदत संपेपर्यंत लांबवणं. मुदतीत करार रद्द झाला की विकणाऱ्याचं कमिशन परत घेतात. खोलीतला फोन त्यासाठी वाजतोय. जाऊ नका. आणि तुम्ही रद्द करणार आहात हे तोंडी कुणालाही सांगू नका. "बघतो, करतो, साहेब सुट्टीवर आहेत" करत दिवस घालवतात.

खडूस_आजोबा, २:३१
लेकीचं नाव! अरे देवा. मला सुद्धा "काका, गुडघा कसा आहे" विचारलं होतं, मी म्हटलं किती सज्जन माणूस.

तिरकस, २:३५
आजोबा, म्हणजे तुम्ही बहिरे नव्हता तर.

खडूस_आजोबा, २:३६
गुडघ्याबद्दल ऐकू येतं.

ओलेता, २:५०
फार सुंदर चर्चा. या सगळ्याचा उगम कोणाला माहीत आहे का? १९६० च्या दशकात युरोपात, आल्प्समध्ये सुरुवात झाली. बर्फावर घसरायला लोक दरवर्षी येत, खोल्या मिळत नसत, म्हणून आठवड्याचा हक्कच विकायचा. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही कंपनी निघाली आणि आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टमधला घ्यायचा, अशा अदलाबदलीचा धंदा उभा राहिला. मूळ कल्पना चांगलीच होती. मोठा लेख लिहू का?

तिरकस, २:५२
लिहा. वेगळ्या धाग्यावर.

पाणकोंबडी, ३:२०
सापडलं! जाड फाईलच्या मागच्या खिशात सुटं पान होतं, टॉवेलखाली. "सही केल्याच्या किंवा सर्व कागदपत्रे मिळाल्याच्या तारखेपासून, जे नंतरचे असेल तिथून, ७ दिवसांच्या आत लेखी कळवून करार रद्द करता येईल. सूचना खालील पत्त्यावर पाठवावी." पत्ता रिसॉर्टचा नाही, दुसऱ्याच शहरातला आहे. ईमेल पण दिलाय. म्हणजे अजून दिवस आहेत ना? मग घरी गेल्यावर निवांत करू का? आणि स्पाचं कुपन वापरलं तर चालेल?

कलम_कसाई, ३:२८
नाही!! घरी गेल्यावर नाही, आज. कामाचे दिवस असं लिहिलेलं नाही, म्हणजे शनिवार-रविवार धरून सात मोजा आणि त्यातलाही शेवटचा दिवस आपला नाही असं समजा. पत्र चार ओळींचं: दोघांची नावं, करार क्रमांक, सहीची तारीख, "आम्ही हा करार रद्द करत आहोत, भरलेली रक्कम परत करावी." दोघांच्या सह्या. कारण, माफी, आभार, काही लिहू नका. त्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवा, पावती जपा.

डोंगरवाट, ३:३३
ईमेल दिलाय तर टपाल कशाला? ईमेल केला की झालं. आजकाल कोण टपाल करतं.

कलम_कसाई, ३:३५
"ईमेल मिळालाच नाही" असं म्हणणारे.

माजी_विक्रेता, ३:४१
दोन्ही करा. आमच्याकडे ईमेल खरंच "मिळायचे नाहीत". पत्र रिसॉर्टच्या काउंटरवर मात्र देऊ नका, ते खणात जातं.
कुपन बिनधास्त वापरा, ती भेट बैठकीला बसल्याबद्दल आहे, सहीबद्दल नाही. पण सदस्यत्वाचे पॉइंट्स वापरून कुठलंही बुकिंग करू नका. आणि महिन्याच्या हप्त्यांचा करार वेगळा आहे का बघा. कधी कधी त्याच टेबलावर कर्जाची वेगळी सही घेतात. युरोपात मूळ करार रद्द झाला की त्याला जोडलेलं कर्जही आपोआप रद्द होतं, पण सगळीकडे तसं गृहीत धरू नका. कर्ज देणाऱ्यालाही एक प्रत पाठवा.

तिरकस, ३:५०
कार्डाच्या बँकेला पण आजच कळवून ठेवा. पैसे परत आले नाहीत तर वाद नोंदवायला टपालाची पावती लागेल.
आणि एक. महिनाभरात कुणाचा तरी फोन येईल की "तुमचा टाइमशेअर सोडवून देतो, आधी फी भरा." ठेवून द्या. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने मेक्सिकोतल्या एका ड्रग टोळीशी जोडलेल्या कंपन्यांवर याच टाइमशेअर फसवणुकीसाठी निर्बंध घातले. जुन्या सदस्यांना फोन करायचे, तुमचं विकून देतो म्हणायचे आणि कर, फी असं काहीबाही आधी भरायला लावायचे.

डोंगरवाट, ३:५८
मला आला होता तसा फोन. गेल्या वर्षी.

तिरकस, ३:५९
विकायचं नव्हतं ना तुम्हाला?

डोंगरवाट, ४:०६
किंमत किती येते ते बघत होतो फक्त.
(फी भरली नाही. थोडी भरली.)

खडूस_आजोबा, ४:१०
डोंगरवाट, असू दे. होतं असं.

पाणकोंबडी, संध्याकाळी ७:०५
पत्र हाताने लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, टॅक्सी करून गावातल्या टपाल कचेरीत गेलो. बंद व्हायला दहा मिनिटं होती. पावती मिळाली. तिचा फोटो जोडून ईमेल गेला, कर्जाचा करार खरंच वेगळा निघाला, त्यांनाही प्रत पाठवली. कार्डवाल्यांशी नवरा बोलला. आधी जायला तयार नव्हता, "साहेब किती चांगला बोलत होता" म्हणे. माजी_विक्रेता यांचा प्रतिसाद वाचायला दिला. लेकीच्या नावापर्यंत आला आणि गप्प झाला, मग स्वतःच टॅक्सी बोलावली.
फोन अजून वाजतोय. वायर काढली, आजोबा.

कलम_कसाई, ७:१२
उत्तम. पैसे जमा होईपर्यंत ती पिशवीसुद्धा टाकू नका, दिलेल्या वस्तू परत मागतात कधी कधी. पुढे काय झालं ते इथे लिहा.

रिकामटेकडी, ७:३०
अभिनंदन! पण तलावाचं राहिलंच.

पाणकोंबडी, ७:४८
बोर्डावर गरम पाण्याचा लिहिलंय. तीन दिवस झाले, अजून आम्ही पाय बुडवलेला नाही. उद्या सकाळी १० ला जाणार आहोत, मग सांगते.