सहावा दिवस, वजन २८० ग्रॅमने कमी, निप्पलला चीर: पावडर वाढवायची की पकड सुधारायची?

बाळाची_मावशी:
बहिणीचं सिझेरियन झालं. मुलगी, ३८ आठवडे, जन्मवजन २.९ किलो, आज सहाव्या दिवशी २.६२. दर दोन तासांनी पाजतो, बाळ ४०-५० मिनिटं अंगावर असतं, तरी खाली ठेवलं की रडतं. गेल्या २४ तासांत लंगोट चारदाच ओले, शी अजून हिरवट-काळी. छाती चौथ्या दिवशी भरून आली, आता दगडासारखी कडक आहे. उजव्या निप्पलला चीर पडली आहे, आणि पाजून झालं की निप्पल बोरूच्या टोकासारखं तिरकं दिसतं. बाटलीने तीनदा ३० मिली पावडर देतोय. घरचे म्हणतात दूध पुरत नाही, पावडर वाढवा. काय करू?

स्तनपान_समुपदेशक:
ताई, आधी बाळाला आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. घट जवळजवळ ९.७ टक्के आहे. सिझेरियनच्या वेळी आईला सलाईन बरंच गेलं असेल तर बाळाचं जन्मवजन थोडं फुगलेलं असतं हे खरं, पण सहाव्या दिवशी शी पिवळी आणि लंगोट निदान सहा वेळा ओले हवेत. कावीळही तिथेच बघून होईल. डॉक्टर सांगेपर्यंत पावडर एकदम बंद करू नका.

आता मूळ दुखणं. छाती दगडासारखी भरली आहे म्हणजे दूध आहे, ते बाळापर्यंत पोचत नाही. तिरकं निप्पल सांगतं की बाळाच्या तोंडात फक्त निप्पल जातंय आणि जीभ ते कडक टाळूवर घासते. म्हणूनच चीर पडते. निप्पल मागच्या मऊ टाळूपर्यंत गेलं की घासणं थांबतं.

भरलेल्या छातीवर बाळाला पकडच मिळत नाही. पाजण्याआधी पाचही बोटांची टोकं निप्पलच्या बुडाशी गोल ठेवून छातीच्या पिंजऱ्याकडे सरळ आत दाबा आणि साधारण एक मिनिट तसंच धरा. मग बोटं थोडी फिरवून पुन्हा. निप्पलभोवतीचा काळा भाग ओठासारखा मऊ झाला की बाळाला घ्या.

उजव्या बाजूला बगलेतली पकड घ्या, टाक्यांवर भार येत नाही. बाळ उजव्या काखेखाली उशीवर, पाय पाठीकडे, पोट आईच्या कुशीला टेकलेलं. उजवा तळहात बाळाच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली. डोक्यामागून दाब देऊ नका, बाळ मान मागे टाकतं. डाव्या हाताने स्तन बाळाच्या ओठांच्या रेषेत किंचित चपटा करा, वडापाव तोंडाकडे नेताना दाबतो तसा. निप्पल नाकासमोर ठेवून वरच्या ओठाला टेकवा आणि जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. इथेच घाई होते. तोंड उघडलं की हनुवटी आधी लावून बाळाला झटकन जवळ घ्या. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसायला हवा. अर्ध्या मिनिटानंतरही दुखत असेल तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा, पुन्हा लावा. ओढून काढू नका.

घोट ऐका. एक-दोन चोखण्यांमागे एक घोट म्हणजे दूध जातंय. नुसतं भराभर चोखणं चाललं असेल तर ५० मिनिटांचा उपयोग नाही. तेव्हा स्तन हलकेच दाबून धरा, घोट सुरू होतात.

प्रसूती_कक्ष_परिचारिका:
वरच्या सगळ्याशी सहमत. वरचं दूध द्यावं लागलं तरी पहिली पसंती आईच्याच काढलेल्या दुधाला. पाजून झालं की दोन्ही बाजूंनी १०-१५ मिनिटं काढा. हाताने काढताना अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला, आधी बरगडीकडे मागे, मग एकमेकांकडे दाब, मग सैल. कातडीवरून बोटं घसरू देऊ नका.

ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, बाळ अर्धवट बसतं धरून, घोट घेईल तसं थेंबथेंब. या वजनाला दिवसाची गरज साधारण ३९० मिली, म्हणजे दहा वेळा पाजलं तर ४० मिलीच्या आसपास. अंगावरून किती गेलं त्याचा बाळाच्या घोटांवरून फक्त अंदाज येतो, उरलेलं वाटीने. किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

बाळाची_मावशी:
डॉक्टरांकडे निघतोय. पंप आहे, पण १५ मिनिटांत १० मिलीच येतं आणि जास्त दुखतं.

स्तनपान_समुपदेशक:
पंपाचा कप तपासा. पंपासोबत बहुतेक २४ मिमीचा येतो, सगळ्यांना तो बसत नाही. निप्पलच्या बुडाची जाडी पट्टीने मोजा, कप त्याहून ० ते ३ मिमी मोठा हवा. काळा भाग आत ओढला जात असेल तर कप मोठा पडतोय, निप्पल कडांना घासत असेल तर लहान पडतोय. रबरी व्हॉल्व्ह फाटला असेल तरी ओढ कमी पडते. वेग सुखावेल तेवढाच. पंपाचा आकडा दुधाचं माप नाही, कडक छातीला आधी हातानेच जास्त निघतं.

चिरेवर दुधाचा थेंब लावून वाळू द्या, साबण नको. स्तनावर लाल, गरम, दुखरा भाग आणि ताप आला तर जोरात चोळू नका, थंड पट्टी ठेवा, पाजणं चालू ठेवा, २४ तासांत उतरलं नाही तर डॉक्टरांकडे. हळीवाची खीर हवी तर द्या, पण छाती रिकामी होत नसेल तर खिरीने दूध वाढत नाही.

पुढचं वजन ४८ तासांनी, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने. दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ दिसू लागली की वरचं दूध डॉक्टरांना विचारून एकेका वेळेचं कमी करत न्या.