मदत हवी आहे: आयटीआयमधला मुलगा 'बटण' गोळ्या घेतोय

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला एका आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. माझ्या बॅचमधला एक मुलगा, वय 17, दिवाळीपासून वर्कशॉपमध्ये पेंगतो, जीभ जड होते. परवा ग्राइंडरवर हात जाता जाता वाचला. बाजूला घेऊन विचारलं तर रडला आणि म्हणाला, "सर, बटण घेतो." झोपेच्या गोळ्या हो, चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणे. रूमवरच्या मोठ्या पोरांनी लावली सवय.

या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, एवढं मला माहीत आहे. म्हणून "उद्यापासून सोड" असं दटावलं नाही. 14446 या व्यसनमुक्तीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करणार आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र ऐकून आहे, पण वडील ऊसतोडीला गेलेत, आई गावी एकटी.

घाटीच्या (इथल्या सरकारी रुग्णालयाच्या) मानसोपचार ओपीडीत कुणी असं पोरगं नेलंय का? पालकाशिवाय तपासतात का? आणि त्या माउलीला फोनवर कसं सांगू? प्राचार्यांना कळवलं तर नाव कमी करतील, ही धास्ती आहेच. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 64अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्याला संरक्षण आहे, पण ते कॉलेजला कोण समजावणार? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.