वडिलांची 75 वर्षे पूर्ण होत आहेत, घरात मात्र एकामागून एक अडचणी : वाढदिवस पुढे ढकलावा का?

गोदाकाठ (प्रश्न)

येत्या 13 ऑगस्टला माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, 75 वर्षे पूर्ण होत आहेत. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून त्यांचे जीवन अगदी नेमस्त आहे. मंगल कार्यालय, सत्कार, शाल-श्रीफळ यांपैकी काहीही नको, घरच्या घरी जे होईल तेवढेच करा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. नातेवाइकांचा आग्रह मात्र ऐंद्री शांती, म्हणजे 75 वर्षे पूर्ण झाल्यावर करायचा विधी, करून पन्नास पाने उठवावीत असा आहे.

त्यातच गेले काही दिवस घरात काही ना काही बिघडत आहे. इमारतीची लिफ्ट बंद आहे आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. अण्णांचे गुडघे दुखत असल्याने त्यांना खाली नेणे शक्य नाही. बोअरची मोटर जळाल्यामुळे पाणी सकाळी थोडा वेळच मिळते, कामाच्या मावशी गावी गेल्या आहेत आणि आई नुकतीच तापातून उठली आहे. मुलीची घटक चाचणीही त्याच आठवड्यात आहे. यांतील एकही अडचण मोठी नाही, पण सगळ्या एकत्र आल्याने सर्वांची चिडचिड होते आणि अण्णांनाच उगीच अपराधी वाटू लागते. सगळे सुरळीत होईपर्यंत थांबावे, की आहे त्या परिस्थितीत दिवस साजरा करावा? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निरांजन

ताई, कृपया पुढे ढकलू नका. लिफ्ट दुरुस्त होईल तेव्हा दुसरे काहीतरी निघेल, आणि आपल्यामुळे घराचा खोळंबा झाला ही अण्णांच्या मनातली टोचणी तोवर वाढत राहील. ते 75 वर्षांचे आहेत. त्यांचा दिवस त्याच दिवशी व्हावा, असे मला अगदी मनापासून वाटते.

आपल्याकडे वर्धापनाचा जो जुना विधी आहे, तो इतका लहान आहे की त्यासाठी लिफ्ट, मावशी, आचारी यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. वाढदिवशी सकाळी स्नानानंतर कुलदेवतेचे, सात चिरंजीवांचे आणि मार्कंडेयाचे स्मरण करायचे आणि तीळ व गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध आयुष्यवृद्धीसाठी प्राशन करायचे, एवढाच त्याचा गाभा आहे. दूध मात्र कोमट होऊ द्यावे आणि मगच गूळ घालावा, कारण उकळत्या दुधात गूळ घातला की ते नासण्याची भीती असते. अण्णांना मधुमेह असल्यास गुळाचा खडा नावापुरता पुरे. त्यानंतर पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवावे आणि कुंकू, अक्षता लावून, सुपारी व सोन्याची अंगठी ओवाळून निरांजनाने औक्षण करावे. यंदा 12 ऑगस्टला दिव्यांची आवस आहे, त्यामुळे समई आणि निरांजने आदल्या दिवशीच घासूनपुसून, पूजा होऊन तयार असतील; वेगळे काही काढावे लागणार नाही. पाणी सकाळीच मिळते म्हणता, तर हे सारे सकाळी लवकर उरकावे. संध्याकाळवर काहीही ठेवू नये.

पंचांगप्रेमी

वरील मताशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. नातेवाइकांना पूर्ण नकार देण्याऐवजी तिथीचा विचार करावा. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने तिथीने येणारा वाढदिवस दर वर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातो. यंदा अधिक ज्येष्ठ होऊन गेला आहे, म्हणून अण्णांची तिथी तारखेनंतर दहा-अकरा दिवसांनी येत असावी. तारीख आणि तिथी 19 वर्षांच्या अंतराने जवळपास एकत्र येतात, म्हणजे पुढच्या वर्षी 76 पूर्ण होताना दोन्ही दिवस बहुधा एकच असतील. यंदाची ही सवड वापरण्यासारखी आहे. शांतीबाबत म्हणाल, तर अण्णांची इच्छा नसताना ती करू नये, कारण ज्याच्यासाठी करायची त्यालाच संकोच वाटत असेल तर ती कोणासाठी? पुढे सहस्रचंद्रदर्शन आहेच. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवसांचे अंतर धरले तर हजार पौर्णिमा व्हायला 80 वर्षे आणि सुमारे 10 महिने लागतात. तोपर्यंत कदाचित त्यांचे मनही बदलेल.

देवळालीकर

माझे मत थोडे वेगळे आहे. शांतपणे साजरा करणे म्हणजे कोणालाच न बोलावणे, असा अर्थ घेऊ नये. अण्णांची भावंडे असतील तर त्यांच्याशी त्या दिवशी निवांत बोलणे झालेच पाहिजे, कारण या वयात आपल्याला लहानपणापासून ओळखणारी माणसे फार थोडी उरलेली असतात. मात्र ऑगस्टमध्ये वयस्कर माणसांना प्रवास करायला लावू नये. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यांपर्यंत पाणी आले, की पंचवटीकडून येणाऱ्यांचा जीव निघाल्यापासून पोहोचेपर्यंत टांगणीला लागतो. फोन करावा, तोही सकाळी, आणि अण्णांना हवा तितका वेळ बोलू द्यावे.

भेट देणार असाल तर अण्णांना वाचनाची आवड आहे का, ते कळवा. सावानामध्ये, म्हणजे 1840 पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, घरातील कोणीतरी जाऊन त्यांना हवी ती पुस्तके आणून दिली, तर चार मजले न उतरता त्यांचा महिना आनंदात जाईल.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही 13 तारीखच कायम केली आहे. सकाळी दूध आणि औक्षण होईल, आणि जेवायला वरणभात व शिरा, कारण तेवढे मला एकटीला आईला न उठवता करता येते.

अण्णांची थोरली बहीण पंचवटीत राहते. औक्षण तिच्या हातून व्हावे, अशी त्यांची इच्छा असल्याचे काल विचारल्यावर कळले. आजवर ते कधी बोलले नव्हते. आत्याला चार मजले चढवणे शक्य नाही, म्हणून पंचांग पाहिले. अण्णांचा जन्म श्रावण शुद्ध एकादशीचा आहे आणि यंदा ती 23 ऑगस्टला, रविवारी येते. तोपर्यंत लिफ्ट सुरू झाली तर आत्याला त्या दिवशी घेऊन येईन. दोघांचाही एकादशीचा उपवास असतो, त्यामुळे स्वयंपाकाचा प्रश्नच नाही. साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याची खीर करेन. लिफ्ट सुरू झाली नाही, तर 28 तारखेला राखी पौर्णिमा आहेच.

वाचनाचे म्हणाल, तर अण्णा सावानाचे जुने सभासद आहेत. त्यांच्याकडून पुस्तकांची यादी मागितली आहे आणि ती त्यांनी लिहायलाही घेतली आहे.